मध्ययुगात म्हाताऱ्या-निराधारांची सोय कुठं व्हायची?

खानापूरकर: युरोपात गरीब म्हाताऱ्यांसाठी आल्म्सहाऊस असायची, मरेपर्यंत खोली आणि जेवण. आपल्या बेळगाव-धारवाड बाजूला असलं काही होतं का? गावच्या शिलालेखात ते कसं ओळखायचं?

मठाचीवाट: सगळ्यात स्पष्ट पुरावा थोडा लांबचा, शिमोगा जिल्ह्यातल्या बळ्ळिगावीचा. तिथल्या कोडियमठाचा ११६२ चा लेख बघा. आंधळे, पांगळे, बहिरे, निराधार यांना रोज अन्न आणि आजाऱ्यांना औषधपाणी, असं सरळ लिहिलंय. त्याच यादीत गाणारे, नाचणारे, ढोलवालेही आहेत! जन्मभराची खोली मात्र त्यात नाही.

जुनीपानं: युरोपातही दोन्ही प्रकार होतेच की. इंग्लंडात विंचेस्टरचं सेंट क्रॉस हे आल्म्सहाऊस ११३० च्या दशकातलं. तिथं १३ गरीब कायमचे राहायचे आणि शिवाय रोज १०० जणांना जेवण मिळायचं. अशा घरांच्या जुन्या बांधणीत एक लांब दालन, भिंतींलगत खाटा आणि पूर्वेच्या टोकाला प्रार्थनास्थळ, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्यालाही प्रार्थना ऐकू यावी. बिघडायचं ते पैशापाशी. ऐपतदार लोक एकरकमी पैसे भरून आजन्म जेवणखाण विकत घ्यायचे. रक्कम लगेच खर्च व्हायची, माणूस मात्र वीस वर्षं जगायचा, मग खऱ्या गरिबाला जागा कुठली?

अक्षरवट: आता दगडाचं. आधी साधं पाणी आणि मऊ ब्रश. तेल, चुना, रंग अजिबात नको, अक्षरं बुजतात. अंधार पडल्यावर बॅटरी एका बाजूनं, दगडाला जवळजवळ टेकवून तिरपी धरा आणि फोटो घ्या, मग बाजू बदलून परत. वर सूर्य-चंद्र, गाय-वासरू दिसलं तर बहुधा दानलेख. शेवटी जमीन हिसकावणारा साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल, हा शापाचा श्लोक बऱ्याचदा असतो. कामाचा मजकूर त्याच्या आधी असतो: किती ‘मत्तर’ (जमीन मोजायचं जुनं माप) जमीन आणि कशासाठी. ‘खंडस्फुटित जीर्णोद्धार’ म्हणजे देवळाची डागडुजी. ‘तपोधनर आहारदान’ असेल तर जेवण तपस्व्यांचं, गावच्या गरिबांचं धरू नका. घाई इथंच नडते. ‘सत्र’ आलं तर अन्नछत्र.

खानापूरकर: म्हणजे आमच्या दगडावर ‘तपोधनर’ आहे का, ते आधी बघायला हवं. चुना लावलेला आहे पण.

अक्षरवट: खरवडू नका. पाण्यानं निघेल तेवढाच काढा, बाकी पुरातत्त्व खात्याला कळवा.