सेफ्टीपेक्षा होल्स्टर आधी

ग्लॉक या पिस्तुलाला सेफ्टीच (गोळी चुकून सुटू न देणारी सोय) नाही, असं म्हटलं जातं. ते पूर्ण बरोबर नाही. अंगठ्याने लावायचा खटका नाही, पण १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक निवडली तेव्हापासून तिच्यात तीन सेफ्टी आहेत. ट्रिगर मागे गेला की तिन्ही आपोआप सुटतात, मग तो बोटाने जावो वा शर्टाच्या टोकाने. म्हणून ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर (पिस्तूल ठेवायचं म्यान) हवंच. न्यूयॉर्क पोलिसांनी खटक्याऐवजी बरीच वर्षं दाबायला १२ पौंडांचा जोर लागणारा जड ट्रिगर वापरला. कोल्ट १९११ या पिस्तुलाची गोष्ट वेगळी: घोडा (मागचा हॅमर) चढवून बाळगायचं तर तिथे अंगठ्याची सेफ्टी लावलेलीच हवी. पर्समध्ये किल्ल्यांसोबत मोकळं पिस्तूल मात्र कुठल्याही सेफ्टीच्या भरवशावर ठेवू नका, कळकळीने सांगतो. लहान मुलाचा हात तिथे क्षणात पोचतो.