कंदील आणि साडेतीन वर्षांची लेक

ओवीचीआई: लेक गोल ओळखते, पण चौकोन-त्रिकोणात गल्लत करते. दिवाळीच्या सुट्टीत कागदाचं काय करून घेऊ? वर्कशीट नको हं, फाडून ठेवते.

काडेपेटी: फाडू द्या की! पारंपरिक कंदील करा. कामट्यांच्या सहा सारख्या चौकटी तुम्ही बांधा, मग कोपऱ्याला कोपरा जोडा. मधे आपोआप आठ त्रिकोण उरतात, ते तिला बोट लावून मोजू दे. चौकोनांना लाल पतंगी कागद, त्रिकोणांना पिवळा. खळ मैद्याचीच शिजवा, बोटं चाटली तरी चिंता नाही.

ठाण्याचीआजी: कामट्या आधी पॉलिश पेपरनं घासा गं, कूस लागते.

ओवीचीआई: आणि झिरमिळ्या?

काडेपेटी: त्या तिच्याच हातच्या, बोथट कात्रीनं. वाकड्या कापल्या तरी वाऱ्यावर कुणाला दिसतंय!