मदत हवी आहे: खिशातल्या टॉर्चसाठी १८६५० सेलचा लांब बोअर, चॅटर (टूलची थरथर) आणि टेपर (एका टोकाला बारीक होणं) जात नाही

नमस्कार मंडळी,

१८६५० सेलवर (साधारण १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब लिथियम सेल) चालणारी, खिशात मावेल अशी टॉर्च घरच्या लेथवर पूर्णपणे बनवायचं चाललंय. हेड आणि मागची टोपी जमली आहे. अडलंय ते मधल्या नळीच्या बोअरवर (आतल्या लांब भोकावर), आणि थोडं थ्रेडवर (आट्यांवर). ॲल्युमिनियममध्ये लांब आणि अरुंद बोअर ज्यांनी केलाय, त्यांनी कृपया सवडीने वाचून सांगा.

लेथ बटाल्याचा आहे, जुना, साडेचार फुटी बेड, लीड स्क्रू (थ्रेड कापताना टूल सरकवणारा) ४ टीपीआय, म्हणजे इंचाला ४ आटे, थ्री जॉ चक. जालन्यातल्या एका वर्कशॉपने विकायला काढला तेव्हा घेतला. मी परभणीत मोटर रिवाइंडिंग करतो. त्यामुळे वायर, सोल्डर, ड्रायव्हर (एलईडीला ठरावीक करंट देणारं सर्किट) ही बाजू माझ्या हातातली आहे. टर्निंग मात्र शेजारच्या वर्कशॉपमध्ये उभं राहून, बघून बघून शिकलो.

विकतची का नको, असं कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. आमचं गाव पाथरी तालुक्यात, डाव्या कालव्याच्या बाजूला. शेतात ऊस. थ्री फेज लाईट रात्रीची असली की वडील आणि चुलते रात्रीच दारं धरायला जातात. पाचटात घोणस असते, बांधावर मण्यार निघते. घरात आत्तापर्यंत आलेल्या प्लास्टिकच्या चार्जिंगवाल्या टॉर्च पाण्यात पडल्या की गेल्या, आणि आतला सेल बदलायची सोयच नाही. मला अशी टॉर्च हवी की सेल, ड्रायव्हर, एलईडी, बटण, काच, सगळं उघडून बदलता यावं आणि बॉडी माणसाच्या हयातभर टिकावी. उजेडही थोडा पिवळसर आणि रंग खरे दाखवणारा हवा. निळसर पांढऱ्या झगझगीत उजेडात वाळल्या पाचटावर घोणशीचे तपकिरी ठिपके मिसळून जातात. म्हणून निचिया ५१९ए हा हाय सीआरआय एलईडी घेतला आहे, ४५०० केल्विनचा.

ड्रायव्हर १७ मिमीचा, ७१३५ चिपचा. एका चिपला ३५० मिलिअँपिअर, अशा आठ, म्हणजे २.८ अँपिअर. एलईडीवर साधारण नऊ वॉट जातात आणि त्यातल्या निम्म्याहून जास्तीची उष्णता होते. मे महिन्यात आमच्याकडं पारा ४३च्या वर असतो, तेव्हा ही उष्णता कुठून बाहेर पडणार याचा विचार पहिल्यापासून केला. एलईडी तांब्याच्या स्टारवर (छोट्या चकतीवर) बसवलाय, आणि स्टार ज्यावर टेकतो ते शेल्फ वेगळं न करता हेडमध्येच सोडलंय, ३ मिमी जाडीचं. पितळेची हौस होती, पण पितळ ॲल्युमिनियमपेक्षा उष्णता कमी वाहतं आणि खिशाला जड. टायटॅनियम दिसायला कितीही छान असलं तरी उष्णतेच्या बाबतीत फारच मागे. त्यामुळे एचई-३० (६०८२) ॲल्युमिनियमचा २५ मिमी बार.

आता खरी अडचण.

नळीचा बोअर १८.६ मिमी, खोली ८० मिमी. १७.५च्या ड्रिलने आरपार जातो, मग १२ मिमीच्या बोरिंग बारने साइझ काढतो, बारमध्ये एचएसएसचा (हायस्पीड स्टीलचा) बिट. बार चकच्या दिशेने ८५ मिमी बाहेर काढावा लागतो आणि अर्ध्याच्या पुढे गेलं की किंचाळायला लागतो. आत लाटा उमटतात. कट कमी केला तर लाटा कमी होतात, पण तळाकडे बोअर बारीक राहतो, सेल शेवटच्या भागात अडकतो. बिटला ॲल्युमिनियम चिकटतं, रॉकेल लावल्यावर ते बरंच कमी झालं.

त्याहून वाईट म्हणजे ड्रिलच एका बाजूला सरकतं. बाहेरचा व्यास २३, टोपीसाठी थ्रेड २१ मिमीवर. ओ-रिंगची खाच कापली की तिथे भिंत जेमतेम अर्धा मिमी उरते. बोअर पाव मिमी सरकला तरी एका बाजूला कागद उरतो.

दुसरं, ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियमचे थ्रेड चार-पाच वेळा फिरवल्यावर पकडतात. पिच ०.७५ ठेवायचा विचार आहे, पण इंची लीड स्क्रूवर मेट्रिक थ्रेड काढायला लागणारं १२७ दातांचं गिअर माझ्याकडं नाही.

तिसरं, एक-दोन नग ॲनोडाइझ (ॲल्युमिनियमवर ॲसिडच्या बाथमध्ये विजेने कठीण थर चढवणं) कुठं आणि कसं करून घ्यावं?

*

प्रतिसाद:

दादा, आधी बोअर सरळ करायचा नाद सोडा. तुम्ही बाहेरचा व्यास आधी धरून त्याच्या मधोमध बोअर शोधताय. उलटं करा. आधी बोअर पूर्ण करा, तो जिथं जाईल तिथं जाऊ द्या, आणि मग त्याच बोअरवरून बाहेरचं टर्निंग करा. २५ ऐवजी ३० मिमीचा बार घ्या, म्हणजे ड्रिल सरकलं तरी बाहेर काढायला माल राहतो. बोअर झाला की एमएसचा (साध्या स्टीलचा) मॅन्ड्रेल, म्हणजे नळीच्या आत घालायचा दांडा करा, दोन्ही टोकांना सेंटर, लांबीत अगदी किंचित टेपर. नळी त्यावर दाबून बसवा, दोन सेंटरमध्ये धरा, आणि बाहेरचा व्यास, थ्रेड, ओ-रिंगची खाच सगळं त्याच सेटिंगमध्ये काढा. भिंत चारही बाजूंनी सारखीच येणार, दुसरा इलाजच नाही तिला.

आता चॅटर. स्टीलचा बार व्यासाच्या चारपटीच्या पुढे काढला की ओरडतोच, तुम्ही सातपटीवर आहात. कार्बाइड शँकचा बार घेतला तर जमेल, पण एका टॉर्चसाठी तेवढा खर्च कशाला? डी-बिट बनवा. सिल्व्हर स्टीलचा रॉड हव्या त्या साइझला टर्न करा, पुढचा भाग निम्म्याला घासून सपाट करा, निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका. टोकाला थोडा रिलीफ द्या. लालभडक करून पाण्यात बुडवा, मग फिका पिवळा रंग येईपर्यंत टेम्पर. वापरताना बोअरच्या तोंडाशी पहिले १०-१२ मिमी बोरिंग बारने नेमक्या साइझला काढून ठेवा. डी-बिट तिथं टेकतो आणि पुढे स्वतःच्या अंगावर सरळ जातो. त्याच्यासाठी अर्धा मिमीपेक्षा जास्त माल ठेवू नका. दर थोड्या अंतराला बाहेर काढून चिप झटका, रॉकेल सोडत राहा.

एक गोष्ट मनापासून सांगतो. टॉर्च वडील वापरणार असतील तर प्रोटेक्शन सर्किट असलेला सेल घाला. तो साध्या १८६५०पेक्षा जाड आणि लांब असतो, काही ७० मिमीपर्यंत जातात. बोअर १९ करा, खोली त्या सेलवर मोजून घ्या. सीलबंद धातूच्या नळीत लिथियम सेल अति डिस्चार्ज किंवा शॉर्ट होणं ही साधी गोष्ट नाही.

*

प्रतिसाद:

१२७चं गिअर शोधत बसू नका. दोन्ही भाग तुम्हीच कापणार, मग मेट्रिकची सक्ती कुणाची? ३२ टीपीआय ठेवा, म्हणजे साधारण ०.७९ मिमी. लीड स्क्रू ४ टीपीआयचा, ३२ला ४ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे हाफ नट (टूलला लीड स्क्रूशी जोडणारा) कुठेही लावला तरी टूल त्याच खाचेत येतं.

पकडण्याचं कारण बहुतेक वेळा बर (कापल्यावर कडेला उरलेली धारदार कुसळं) असतं. पहिला अर्धा थ्रेड पूर्ण काढून टाका, शेंडे बारीक फाइलने सपाट करा, जुन्या टूथब्रशने रॉकेलमध्ये धुवा, मग सिलिकॉन ग्रीस. थोडा ढिला ठेवला तरी चालतो, पाणी अडवायचं काम ओ-रिंगचं आहे.

*

प्रतिसाद:

वाळूजला जॉबवर्क करणाऱ्यांकडं एखाद-दोन नगांसाठी वेगळा बाथ कुणी लावत नाही. त्यांची नॅचरल किंवा काळ्या रंगाची बॅच चालू असेल तेव्हा तुमचे नग त्यात टांगायची विनंती करा, ॲलॉय कोणतं ते आधी सांगा. कोटिंगच्या जाडीचा साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा भाग बाहेरच्या बाजूला वाढतो, थ्रेडमध्ये तेवढी जागा सोडा. आणि ॲनोडाइझचा थर वीज वाहत नाही, तुमचा निगेटिव्ह नळीतूनच जातो. नळीची दोन्ही टोकं नंतर फेस करून उघडी ठेवा.

घरी करायचं असेल तर डिसेंबरपर्यंत थांबा. सल्फ्युरिक ॲसिडचा बाथ २० अंशांच्या आसपास राहायला हवा, गरम झाला की कोटिंग मऊ, खडूसारखं येतं. मोकळ्या जागेत, चष्मा-हातमोजे घालून, आणि ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.

*

मूळ धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. बोअरवरून बाहेर टर्न करायचं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ३० मिमीचा बार आणायला सांगितलाय. बोअर १९, बाहेर २४, थ्रेड २२ मिमीवर ३२ टीपीआय असं नवीन रेखाटन केलं.

एक शंका राहिली. मॅन्ड्रेलवर दाबून बसवलेल्या नळीवर ओ-रिंगची खाच कापताना पार्टिंग टूलच्या दाबाने ती पातळ जागा वाकणार तर नाही ना? खाचेचं टूल १.३ मिमी रुंद घासलंय. कमी आरपीएमवर हळूहळू आत न्यावं, की खाच आधी आणि थ्रेड नंतर असा क्रम ठेवावा?