चूक पुडक्यांच्या खिडकीपाशी होते

शाकाहारी बर्गर मागवूनही चिकनचा हाती पडला आणि ‘पैसे परत देतो’ एवढ्यावर आपली बोळवण झाली, हे वाचून फार वाईट वाटले. माझ्या आईच्या बाबतीतही हेच घडले; पुडके उलगडताच तिला वास वेगळा आला, म्हणून पहिला घास वाचला. अनेक मोठ्या साखळ्या शाकाहारी पदार्थांसाठी ओटा, भांडी आणि तळण्याचे तेल वेगळे ठेवतात, पण गर्दीच्या वेळी दोन्ही प्रकारची सारख्याच कागदातली पुडकी एकाच खिडकीशी येतात आणि घोटाळा बहुधा तिथेच होतो. आपण पावती व पुडक्याचे छायाचित्र जपून ठेवावे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार अवश्य नोंदवावी. भेसळीचा किंवा अस्वच्छतेचा संशय असल्यास अन्न व औषध प्रशासनाकडेही जावे.