बेणारेचं स्वगत: प्रेक्षक रडला म्हणजे प्रयोग जमला का?

तिसरी_घंटा:
'शांतता! कोर्ट चालू आहे' पाहून लोक डोळे पुसत बाहेर पडतात आणि नाटक मंडळी समाधानानं सेट आवरते. माझ्या मते हे रडणं बऱ्याचदा फसवं असतं. नाटकात एक हौशी नाटकमंडळी गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला येते, शिक्षिका लीला बेणारे त्यातलीच एक. विजय तेंडुलकरांनी प्रेक्षकाला कोर्टाच्या बाजूला बसवलंय. न्यायाधीश झालेल्या काशीकरांच्या कानकोरण्याला तो हसतो, मंडळीतल्या रोकडेच्या धांदलीला हसतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्यावरचा ठरलेला खटला बाजूला ठेवून गावातल्या सामंतला समजावण्यासाठी लुटुपुटूचा खटला सुरू होतो, बेणारेवर भ्रूणहत्येचा आरोप येतो, तेव्हाही तो हसतो, कारण खेळच तर चाललाय. ते हसू तिसऱ्या अंकात घशात अडकलं पाहिजे. स्वगताला निळा स्पॉट आणि मागे सारंगी लावली की अडकलेलं सगळं वाहून जातं आणि प्रेक्षक 'मी नाही बुवा त्यातला' म्हणत मोकळा होतो. पांढरा सपाट प्रकाश तसाच ठेवा. संगीत नको.

विंगेतून:
साफ चूक. काशीकर आरोपीला बोलायला दहा सेकंद देतात. तेवढ्यात बेणारे आयुष्य मांडते आणि बाकीचे सगळे गोठलेले असतात. म्हणजे ती बोलते ते कोर्टात बोललं गेलेलंच नाही. प्रकाश बदलला नाही तर प्रेक्षकाला वाटतं, वकील झालेले सुखात्मे, साक्षीदार पोंक्षे हे सगळं ऐकतायत. मग शिक्षा सुनावली जाते तेव्हा ते ऐकूनही निष्ठुर राहिलेले लोक वाटतात. नाटकातलं खरं भयानक हे, की त्यांनी ऐकलंच नाही. बदल हवा, फक्त हळू हवा: बारा-पंधरा सेकंदांत जनरल (सगळ्या रंगमंचावरचा सर्वसाधारण प्रकाश) उतरवायचा आणि परत आणताना एका झटक्यात, काशीकरांच्या घड्याळावर. बरेच जण नेमकं उलटं करतात.

तिसरी_घंटा:
झटक्याचं मान्य. सारंगीचं नाही.

विंगेतून:
सारंगी मीही काढून टाकीन.

मधला_अंक:
दोघेही स्वगतावरच अडलात. हे स्वगत दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांच्या आग्रहावरून लिहिलं गेलं. बाईनं गप्प राहावं असा लेखकाचा मूळ कल होता. 1967 च्या प्रयोगात सुलभा देशपांडे यांनी ते उभं केलं आणि पुढे ते एकपात्री स्पर्धांचं हुकमी नाणं झालं. नुकसान तिथूनच. स्पर्धेत सुटं म्हणायची सवय लागली की मुली पहिल्याच वाक्याला कंठ दाटून आणतात. बेणारे शिक्षिका आहे. सुरुवातीचा बराचसा भाग वर्गात बोलावा तसा, खेळकर आणि नेमक्या उच्चारांत गेला पाहिजे. आवाज फुटायचा तो शरीराबद्दल बोलताना, त्याआधी नाही. आधीच फुटला तर पुढे चढायला जागा उरत नाही, श्वास पुरत नाही, शेवटची वाक्यं तिसऱ्या रांगेपुढे पोचत नाहीत.

आणि दाराची कडी! पहिल्या अंकात बेणारेचं बोट तिच्यात चेमटतं. ही कडी नीट हाताळली नाही तर बाहेरून लागते, हे तिथेच कळतं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी ती दाराकडे धावते आणि दार उघडत नाही. पुठ्ठ्याच्या खोट्या भिंतीला (फ्लॅटला) नुसती रंगवलेली कडी लावली की हा क्षण मेला. चौकट लाकडी हवी, कडी लोखंडी हवी, आवाज शेवटच्या रांगेत गेला पाहिजे. प्रेक्षकाचा जीव गुदमरतो तो तिथे, करुणेची सुरुवातही तिथे.

साधा_प्रेक्षक:
मला 'करुणा' या शब्दावरच हरकत आहे. बेणारे कमावते, आपल्या पोटातल्या मुलासाठी बाप शोधायला स्वतः पुरुषांना विचारते. तिला कोसळलेली दाखवून आपण हळहळतो, आणि त्या मुलाचा बाप, गैरहजर प्रोफेसर दामले मात्र कोर्टाबाहेर सुखरूप राहतात. खटल्यातला पुरुष रंगमंचावर येतच नाही. राग यायला हवा, तिथे आपण दया दाखवतोय.

मधला_अंक:
राग हवाच. म्हणून तर दामल्यांचं नाव निघतं तिथे थांबा घ्यायचा. साक्षीदार बोलावल्यासारखा नुसता पुकारा, मग साक्षीदाराच्या रिकाम्या पिंजऱ्याकडे सगळ्यांची नजर, तीन सेकंद. गैरहजेरी डोळ्यांना दिसते.

तिसरी_घंटा:
पण साधा_प्रेक्षक, शेवटचा सामंत विसरू नका. सगळे प्रयोगाच्या तयारीला निघून जातात, ती पडून असते, आणि हा संकोचून पुतण्यासाठी घेतलेला हिरवा कापडी पोपट तिच्याजवळ ठेवतो. हाच सामंत आधी हातातल्या कादंबरीतून वाचून तिच्याविरुद्ध साक्ष देऊन गेलाय. द्वेष त्याच्या मनात कधीच नव्हता, तरी त्याचा हात त्यात होता. आपण सगळे तो सामंत आहोत, म्हणून तो पोपट पाहवत नाही.

विंगेतून:
तो पोपट दिसतच नाही, ही अडचण आधी सोडवा. वीतभर बाहुली अंधुक प्रकाशात जमिनीवर ठेवली की दहाव्या रांगेपलीकडे हिरवा ठिपकासुद्धा उरत नाही. बेणारेची साडी फिकी आणि टेबल गडद ठेवा. पोपट टेबलाच्या कडेला, चोच तिच्याकडे. सामंतानं तो ठेवल्यावर एकदा सरळ करून पाहावा. ठेवायला गेलेला हात परत येताना क्षणभर थबकला, तर दिव्यांना काही करावं लागत नाही. मागून तिच्या आवाजातलं चिमणी-पोपटाचं गाणं येतं तेही ध्वनिमुद्रित असलं तर अगदी बारीक आवाजात, सामंत विंगेत गेल्यावरच सुरू करा. तो असताना सुरू केलंत तर ते त्याच्यासाठी गायल्यासारखं होतं.