व्हाइसला काय म्हणता? शिकंजा, शेगडा, बांक?

सागवान:
घरी जोडकामासाठी लाकडी व्हाइस, म्हणजे काम करताना लाकूड घट्ट धरून ठेवायचं साधन, बनवतोय. टेबलाच्या पुढच्या पायालाच बसवायचा, उभा. पुढचा जबडा अडीच इंच जाड बाभळीचा आणि स्क्रूच्या जागी स्लॅबच्या सेंटरिंगचा जुना जॅक. त्याचे आटे चांगले ठसठशीत असतात, सहज झिजत नाहीत. भावाच्या शाळेतल्या मुलांनाही तो बनवता यावा म्हणून कृती मराठीत लिहायला घेतली आणि पहिल्याच ओळीत अडलो. मी ‘शिकंजा’ लिहिलं होतं. आमच्या सुतारमामांनी कागद वाचला आणि म्हणाले, “शिकंजा बाइंडरकडे असतो, आपल्याकडे नाही.” मग तुम्ही काय म्हणता? तर “वाईस.”

दुसरी अडचण. जबड्याच्या खालच्या टोकाला आडवी पट्टी असते, भोकं पाडलेली. वर लाकूड जितकं जाड, साधारण तितक्या अंतरावरच्या भोकात खुंटी घालायची, म्हणजे जबड्याचं खालचं टोक आत जात नाही आणि वरचं टोक लाकडाला सपाट भिडतं. या पट्टीला मराठीत काय म्हणावं?

मधुमालती:
तुमच्या सुतारमामांचं बरोबर आहे. माझ्या वडिलांचं बाइंडिंगचं दुकान होतं. शिकंजा म्हणजे दोन जाड फळ्या आणि दोन टोकांना दोन लाकडी मळसूत्रं. सरस लावलेल्या वह्या त्यात रात्रभर दाबून ठेवायच्या. सकाळी बाबा दोन्ही हातांनी दोन्ही मुठी एकदम सैल करायचे. एकच बाजू सोडली तर फळी तिरपी होते आणि वहीचा कणा वाकतो. पहिल्या फिरकीला लाकूड जे करकरतं, तो आवाज अजून कानात आहे. शिकंजा दाबतो. व्हाइस धरतो. कामच वेगळं.

आटेदार:
३१ वर्षं फिटर होतो. आमच्या ट्रेडच्या मराठी पुस्तकात ‘शेगडा’ छापलेलं होतं. परीक्षेत लिहायचो, वर्कशॉपमध्ये कोणाच्या तोंडून ऐकला नाही. उत्तरेकडचे मिस्त्री ‘बांक’ म्हणायचे. आम्ही वाईसच.

शब्दव्रती:
आटेदारकाका, पुस्तकात होता आणि तोंडात नव्हता, हेच तर दुखणं आहे. शेगडा हा सुटसुटीत, तीन अक्षरी शब्द. हातशेगडा, नळशेगडा असे पुढचे शब्दही त्यातून सरळ होतात. सागवान, मुलांसाठी लिहिताय ना? मग त्यांच्या कानावर पहिल्यांदाच शेगडा पडू दे. पुढच्या पिढीला तो परका वाटणार नाही.

आटेदार:
मुलगा उद्या कारखान्यात गेला आणि म्हणाला “शेगड्यात धरू का?” तर समोरचा शेगडी शोधेल. इस्कू म्हणतो, पाना म्हणतो, बोल्टाचे आटे गेले म्हणतो. यातलं काही अडलं नाही. वाईसही तसाच घरचा झालाय. त्याला घराबाहेर काढायचं कारण काय?

शब्दव्रती:
आटे आपले आहेत, काका. थ्रेड म्हणत नाही आपण. तिथे शब्द टिकला, कारण लोकांनी वापरला.

वेलदोडा:
‘शिकंजा’ आणि स्क्रूला आपण म्हणतो तो ‘पेच’ दोन्ही फारसीतून आलेत, तेव्हा शुद्धतेची रेघ कुठे ओढायची ते आधी ठरवावं लागेल. पण व्हाइसची गोष्ट त्याहून गोड आहे. इंग्रजीत तो फ्रेंच ‘व्हिस’वरून आला. अर्थ स्क्रू. त्याच्यामागे लॅटिन ‘व्हिटिस’, म्हणजे द्राक्षवेल. काकडीच्या वेलाचा तणावा काठीला जसा गुंडाळत जातो, तसे आटे. दुर्गुण या अर्थाचा ‘व्हाइस’ वेगळ्या मुळाचा, त्याची गल्लत करू नये. आपला ‘पेच’ही मूळचा पीळ, वळसा. म्हणजे पेचात सापडलेला माणूस आणि व्हाइसमध्ये सापडलेली फळी यांची अवस्था एकच.

मधुमालतीताई, तुमच्या वडिलांच्या शिकंज्याचं वर्णन वाचून थबकलो. हल्ली हौशी सुतार दोन स्क्रूंचा, टेबलावर ठेवायचा व्हाइस बनवतात, त्याला मॉक्सनचं नाव आहे. या जोसेफ मॉक्सनने लंडनमध्ये १६७८ च्या सुमारास सुतारकीवर लिहिलं आणि तो स्वतः छापखान्यातला माणूस होता. म्हणजे डोव्हटेल (कबुतराच्या शेपटीच्या आकाराचा सांधा) कापताना रुंद फळी धरायला जो व्हाइस लागतो, त्याला शिकंजा म्हणायला तुमची हरकत नसावी. दिसतोही तसाच.

मधुमालती:
त्याला म्हणा. सागवान यांच्याला नको. त्यांचा एकाच स्क्रूचा आहे.

कातळसडा:
एक वेगळी बाजू. माझे आजोबा राजापूरकडचे सुतार. त्यांच्याकडे व्हाइस नव्हता. जमिनीवर बसायचे, फळीचं एक टोक ओंडक्याला टेकवायचे आणि दुसरं पायांच्या दोन्ही तळव्यांमध्ये धरायचे. पटाशीने खाच पाडताना फळी जागची हलायची नाही. डाव्या पायाच्या अंगठ्याच्या बगलेला कायमचा घट्टा होता, नखाएवढा, पिवळट. जे काम पाय करत होता, त्याला शब्द कशाला लागेल? मला वाटतं गावठी मराठीत व्हाइसला जुना शब्द सापडत नाही त्याचं कारण हेच.

शब्दव्रती:
शब्द नव्हता हे मान्य नाही. फार जाड लाकूड पायात मावत नाही. ते खाचेच्या ठोकळ्यात घालून बाजूने पाचर मारायचे. ती पाचरच आपला व्हाइस.

कातळसडा:
पाचर होती, दादा. पण पाचर म्हणजे पाचर. ती बसवलेल्या सगळ्या सोयीचं नाव नाही. आजोबा नुसतं “धर” म्हणायचे आणि मी दुसरं टोक धरायचो.

सागवान:
सगळ्यांचे आभार. कातळसडा, तुमचे आजोबा डोळ्यासमोर उभे राहिले. खालच्या पट्टीचं मात्र राहिलंच. सध्या ‘भोकपट्टी’ लिहिलंय.

आटेदार:
भोकपट्टी छान. कळते. पण तुम्ही तिच्यात खुंटी घाला म्हणता, ती खुंटी नव्हे, खिट्टी. खुंटी भिंतीत असते, तिला पिशवी टांगतात.

मधुमालती:
खिट्टी दाराची. वीणेला, तंबोऱ्याला खुंट्याच असतात आणि त्या भोकातच बसतात, फिरवून बाहेरही निघतात.

शब्दव्रती:
मेख म्हणा.

वेलदोडा:
मेखही फारसी!

कातळसडा:
मेख ठोकून बसवतात, काढायची नसते. इथे दर वेळी काढायची आहे. आमच्याकडे बैलगाडीच्या चाकाबाहेर घालतात, तिला ‘कुणी’ म्हणतात. काढता-घालता येते. ‘कुणी’च लिहा.

आटेदार:
सागवान, नाव काहीही ठेवा, पण ती लोखंडी करा, १० मिलिमीटरची सळई चालेल. आणि बाभूळ ओली नाही ना? ओली असेल तर जॅकच्या भोकापासून चीर जाते. दोन्ही टोकांना रंग फासून सावलीत ठेवा.

सागवान:
काका, ओली नाही. पाडलेल्या वाड्याचं जोतं निघालं तेव्हाचा तुकडा आहे. एका बाजूला चीर होतीच, ती रंध्याखाली संपली. सळई उद्या आणतो. मधुमालतीताई, जबड्याला आतून चामडं लावायचंय. बाबांच्या दुकानात चामडं लाकडाला कशाने चिकटवायचे, सरसानेच का?