टिश्यू कल्चर प्रयोगशाळेसाठी तंत्रज्ञ तयार करायचे तर सहा महिन्यांत काय शिकवावे?

सातपुडा

नमस्कार. जळगाव जिल्ह्यातील केळीच्या पट्ट्यात एका महाविद्यालयात मी वनस्पतीशास्त्र शिकवते. ग्रँड नैन या केळीच्या जातीची टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली, रोपे लावणे आमच्याकडे आता नेहमीचे झाले आहे आणि ती तयार करणाऱ्या प्रयोगशाळांना कामाची माणसे सतत हवी असतात. असे असूनही गेल्या वर्षी आमच्या चार विद्यार्थ्यांना एका प्रयोगशाळेने चाचणीसाठी बोलावले आणि त्यांतले तीन जण पंधरा दिवसांत परत आले. तिथल्या पर्यवेक्षकांनी मला स्पष्टच सांगितले, की मुलांना सायटोकायनिन या वनस्पती-संप्रेरकाचे कार्य उत्तम सांगता येते, पण त्यांनी लावलेल्या दहा बाटल्यांपैकी चार बाटल्या बुरशीने जातात. ऐकताना वाईट वाटले, कारण यात दोष मुलांचा नव्हता. त्यांना आम्ही तीन वर्षांत लॅमिनारसमोर (गाळलेल्या स्वच्छ हवेच्या झोतातल्या टेबलासमोर) जेमतेम दोनदा बसवले होते.

आता सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू करण्याची परवानगी मिळाली आहे. वीस विद्यार्थी, एक लॅमिनार, एक उभा ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र) आणि आठवड्यातले दोन दिवस एवढे हाताशी आहे. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी कृपया सांगावे, की सुरुवात कशापासून करावी?

ग्रोथरूम

मॅडम, मी चौदा वर्षे केळी आणि उसाच्या रोपांच्या उत्पादनात आहे, नव्या मुलामुलींना शिकवण्याचे काम बहुतेक माझ्याकडेच असते. माझे मत असे, की पहिले सहा आठवडे वनस्पतीला हातच लावू देऊ नये. आधी मिडिया, म्हणजे तुकडे ज्यावर वाढतात ते पोषक मिश्रण. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली मांडलेले मिश्रण मुलांना तोंडपाठ असते, पण आधीच तीव्र करून ठेवलेल्या स्टॉक द्रावणातून दोन लिटर मिडिया करायला सांगितला, की कोणत्या स्टॉकचे किती मिलिलिटर घ्यायचे इथेच गाडी अडते. तो हिशेब रोज करून घ्यावा. सामू (pH) ५.८ ला आणणे, तीन टक्के साखर, मिडिया घट्ट करणारा अगर हा पदार्थ विरघळवणे, बाटल्या भरणे आणि त्यानंतर ऑटोक्लेव्ह हा क्रम प्रत्येकाने निदान दहा वेळा स्वतःच्या हाताने करायला हवा. एकदा मुद्दाम सामू ४.५ च्या आसपास ठेवून एक घाणा काढा. थंड झाल्यावर बाटली तिरकी केली, की अगर नीट न धरता सरकताना दिसेल, आणि सामू का मोजायचा हे पुन्हा समजावून सांगावे लागणार नाही.

ऑटोक्लेव्हच्या बाबतीत १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब आणि १५ ते २० मिनिटे एवढे सर्वांना पाठ असते. मात्र आतली हवा पूर्ण निघण्यापूर्वी व्हॉल्व्ह बंद केला, तर दाबाचा काटा १५ वर येऊनही तापमान १२१ ला पोचलेले नसते. तसेच एक लिटरच्या फ्लास्कमधला मध्यभाग छोट्या बाटलीपेक्षा बराच उशिरा तापतो, त्यामुळे त्याला वेळ वाढवून द्यावा लागतो, हे फार थोड्यांना माहीत असते. निर्जंतुक केलेला मिडिया लगेच न वापरता तीन ते पाच दिवस तसाच ठेवावा. न उघडलेल्या बाटल्यांतच वाढ दिसली, तर दोष ऑटोक्लेव्हचा किंवा झाकणांचा. तिथे लॅमिनारवरच्या मुलीला बोलण्यात अर्थ नाही.

त्यानंतर रिकाम्या बाटल्यांचा सराव घ्यावा. प्रत्येकाला वीस बाटल्या द्याव्यात. वनस्पती न घेता चिमटा तापवणे, निववणे, झाकण उघडणे, चिमटा मिडियाला टेकवणे आणि झाकण लावणे एवढेच करायचे. बाटल्यांवर नाव घालून सात दिवस ठेवल्या, की कोणाचा हात कसा चालतो ते बाटल्याच सांगतात. पुढे खरी लागण सुरू झाली, की संसर्ग वाचायला शिकवावा, कारण माझ्या लेखी तंत्रज्ञाचे खरे शिक्षण इथे होते. खोडाच्या तुकड्यापासून दूर, मिडियाच्या कडेला कापसासारखा पुंजका आला असेल, तर बुरशी बहुधा हवेतून किंवा झाकण उघडे राहिल्यामुळे आलेली असते. तुकड्याच्या बुडाशी दुधासारखी गढूळ रेघ पसरत असेल, तर जिवाणू बहुधा त्या मुनव्यातूनच (केळीच्या बुडाशी फुटणाऱ्या कोंबातूनच) किंवा नीट न तापवलेल्या पात्यावरून आलेला असतो. एका मूळ बाटलीतून काढलेल्या पुढच्या सगळ्याच बाटल्यांत तो दिसला, तर शंकेला जागा उरत नाही. आम्ही मुलांना फेकण्याआधी प्रत्येक बाटलीवर कारणाचा अंदाज लिहायला लावतो.

नोंदवही

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. मी गुणवत्ता विभागात काम करतो आणि मला अडचण दुसरीकडे दिसते. चांगला हात असलेली मुलेही नोंदी घरी केलेल्या अभ्यासासारख्या नंतर बसून लिहितात. नोंद काम होताना, शाईने करायची. चूक झाली तर एकच रेघ मारून शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख लिहायची. खाडाखोड आणि व्हाइटनर वर्ज्य. केळीत याला फार महत्त्व आहे. कोणती बाटली कोणत्या मातृवृक्षाची आणि कितव्या सबकल्चरची (नव्या मिडियावर केलेल्या फेरलागणीची) हे हरवले, तर शेतात खुजी किंवा वेगळ्या पानांची झाडे निघाल्यावर मूळ शोधता येत नाही. जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ साली टिश्यू कल्चर रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण पद्धत आणली. तिच्यात विषाणू तपासणी आणि जनुकीय एकसारखेपणा पाहिला जातो, आणि तो सगळा डोलारा बाटलीवरच्या क्रमांकावर उभा असतो.

दुसरी गोष्ट मायक्रोपिपेटची, म्हणजे अगदी थोडा द्रव मोजून घेणाऱ्या साधनाची. तुमच्याकडे विश्लेषणात्मक तराजू असेलच. १००० मायक्रोलिटरवर पिपेट लावून शुद्ध पाणी दहा वेळा तोलायला सांगा. खोलीच्या तापमानाला प्रत्येक वेळी ०.९९७ ग्रॅमच्या आसपास वजन यायला हवे. पहिल्या दिवशी एकाच मुलाचे दहा आकडे दहा दिशांना जातात. टिप तिरकी धरणे, अंगठा झटकन सोडणे, द्रवात फार खोल बुडवणे ही कारणे त्याला स्वतःलाच सापडतात. या सरावाला खर्च जवळजवळ नाही.

मुनवे

मी बारावीनंतर लॅमिनारवर बसले आणि नऊ वर्षे तेच काम करत आहे. आमच्या खोलीतल्या बहुतेक जणी माझ्यासारख्याच आहेत, पदवी कोणाकडेच नाही. ताई, माझी एक विनंती आहे. मुलांना बसायचे कसे हे शिकवा. कोपर टेबलावर टेकवायचे नाही, उघड्या बाटलीवरून हात न्यायचा नाही, बोलायचे नाही, आणि हवा ज्या बाजूने येते तिच्यामध्ये व बाटलीमध्ये काहीही ठेवायचे नाही. सात तास बसावे लागते, म्हणून स्टुलाची उंची जुळवलेली नसली तर तिसऱ्या तासाला खांदा खाली येतो आणि हात आपोआप चुकतो. स्पिरिट लावलेले हात पूर्ण वाळल्याशिवाय बर्नरजवळ न्यायचे नाहीत. माझ्या शेजारणीचा हातमोजा पेटलेला मी पाहिला आहे.

आणखी एक मनापासून सांगते. वीस जागांपैकी चार-पाच जागा आधीपासून हे काम करणाऱ्या बायकांसाठी ठेवता आल्या तर पाहा. आम्हाला हात आहे, पण मिडियाचा हिशेब आम्हाला कोणी शिकवला नाही, आणि कागद नसल्यामुळे आम्ही पुढे सरकत नाही.

सातपुडा

सर्वांचे मनापासून आभार. मुनवे ताई, तुमची सूचना मी विभागाच्या बैठकीत मांडणार आहे. माझ्या विद्यार्थ्यांनी तुमच्या शेजारी बसून शिकावे अशीच माझी इच्छा आहे. एक शंका उरते. मुनव्यांच्या निर्जंतुकीकरणासाठी आमच्या प्रात्यक्षिकात मर्क्युरिक क्लोराइडचा उल्लेख आहे. ते शिकवावे का?

ग्रोथरूम

शिकाऊ मुलांच्या हातात देऊ नका. ०.१ टक्का द्रावणही विषारी असते आणि ते बेसिनमध्ये ओतता येत नाही. वेगळ्या बाटलीत साठवून घातक कचरा म्हणूनच त्याची विल्हेवाट लावावी लागते. सरावाला सोडियम हायपोक्लोराइट घ्या. धुण्याची वेळ पाच, दहा आणि पंधरा मिनिटे अशी बदलून किती तुकडे स्वच्छ राहिले आणि किती जळाले याचा तक्ता मुलांकडून करून घ्या. केळीचे तुकडे कापल्यावर काळे पडतात, म्हणून कापल्याबरोबर ते ॲस्कॉर्बिक आम्लाच्या द्रावणात टाकायला सांगा. पहिल्या तुकडीसाठी मुनवे लागले तर कळवा, आमच्या मातृवृक्षांच्या प्लॉटमधून तपासलेले देता येतील का, हे विचारून पाहतो.